नाथाजीराव ग्रुप सोडतात

माणसानं नोकरी सोडावी, गाव सोडावं, फार तर तंबाखू सोडावी. पण भावकीचा ग्रुप सोडू नये. हे शहाणपण नाथाजीराव साळुंख्यांना आज आहे. त्या सोमवारी सकाळी नव्हतं.

त्या सोमवारी ते सांगलीला विश्रामबागेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत चहाचा कप घेऊन बसले होते आणि आक्काचं बातमीपत्र काही केल्या लागत नव्हतं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण पारूबाई. कोयनानगरच्या अलीकडं जांभेवाडी नावाचं गाव आहे, तिथं ती गावातल्या गावातच दिलेली. आक्काला लिहायला येत नाही आणि तिच्या घरात फोनला रेंज येत नाही. त्यामुळे ती दिवसभर सवड मिळेल तसं फोनमध्ये बोलून ठेवते आणि संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या चढली की तो सगळा माल एकदम सांगलीकडं सुटतो. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं भांडी आदळली, कुणाच्या भातात रानडुकरं शिरली, हे सगळं त्यात असतं. आणि शेवट ठरलेला: "आन तू कवा येणार हायस?" नाथाजीराव दर वेळी 'येतो' म्हणून कळवत आणि जात नसत. पण बातमीपत्र मात्र त्यांनी एकही पुसलं नव्हतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून आयुष्य काढलेला माणूस; कागद फाडणं त्यांच्या रक्तात नाही.

झालं होतं असं, की रविवारी मुलानं, प्रशांतनं, त्यांना नवा भारी फोन आणला आणि जुना दुकानदाराला देऊन टाकला. नंबर आला, फोटो आले, विम्याच्या एजंटाचे मेसेजसुद्धा न चुकता आले. आक्का तेवढी आली नाही. प्रशांतनं खूप खटपट केली आणि शेवटी सांगितलं, की जुना फोन एका जातीचा, नवा दुसऱ्या जातीचा. ॲपमधलं बोलणं ह्यातून त्यात नेताना काहीतरी राहिलं, आता जुना फोनच नाही म्हटल्यावर इलाज नाही.

"म्हणजे माझ्या बहिणीचं बोलणं, आणि ते मलाच मिळणार नाही?"

"तुमचंच आहे बाबा, पण ॲपच्या आत आहे."

प्रशांत एवढं बोलून कुपवाडला कारखान्यात निघून गेला. नाथाजीरावांनी कपाटातून चष्मा काढला आणि ॲपच्या कंपनीला अर्ज लिहायला घेतला. 'महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' इथपासून 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही होणेस विनंती आहे' इथपर्यंत तो अर्ज इतका देखणा झाला, की त्यांना आपल्या निवृत्तीचं पुन्हा एकदा वाईट वाटलं. पाठवल्याबरोबर उत्तर आलं. नाथाजीराव खूश झाले. खात्यात एवढ्या चपळाईनं कुणी कुणाला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर होतं: 'ही माहिती उपयुक्त वाटली का?' खाली हो आणि नाही. माहिती कुठंच नव्हती. त्यांनी 'नाही' दाबलं. कंपनीनं आभार मानले. त्यांनी आवक क्रमांक विचारला. कंपनीनं विचारलं, ही माहिती उपयुक्त वाटली का?

आवक क्रमांकाशिवाय अर्ज म्हणजे नाथाजीरावांच्या लेखी बेवारस मूल. धरणाखाली शेत गेलेल्या म्हाताऱ्याच्या चुरगळलेल्या चिठ्ठीलासुद्धा त्यांनी आवक क्रमांक दिला होता. त्यांचा स्वाभिमान दुखावला तो इथं.

दुपारी सून संयोगिता घरी आली. ती इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि सासऱ्यांशी न हसता बोलू शकते, हा तिचा मोठा गुण. तिनं समजावून सांगितलं. "बाबा, तुमच्या फोनचं कार्ड एका कंपनीचं आणि नानासो काकांचं दुसऱ्या कंपनीचं, तरी फोन लागतो ना? ईमेलही तसंच, कुणाचंही कुणालाही जातं. ह्या ॲपचं तसं नाही. ह्यातला माणूस ह्यातल्याच माणसाशी बोलणार. बाहेर पडायचं तर सगळं आत ठेवून पडायचं. उघडी ॲपसुद्धा असतात. त्यांचे नियम सगळ्यांना खुले, कुणीही त्या नियमांनी दुसरं ॲप बनवावं, आणि ह्या ॲपातला त्या ॲपातल्याशी बोलतो. न पटलं तर आपलं बोलणं उचलून दुसरीकडं जाता येतं."

नाथाजीराव ताठ बसले. "म्हणजे ही झोनबंदी आहे."

संयोगिताचा जन्म शहरातला, तिला झोनबंदी कळली नाही. तेव्हा नाथाजीरावांनी तिला कळवली. पूर्वी ऊस आपला, रान आपलं, घाम आपला. पण तो घालायचा कुठं, तर ज्या कारखान्याच्या हद्दीत रान पडलं त्याच कारखान्याला. तोड उशिरा आली तरी त्यालाच, काटा कसाही हलला तरी त्यालाच. वडील त्यापायी जन्मभर चरफडले. ती बंदी उठली तेव्हा गावानं गूळ वाटला होता. आणि आता तीच बंदी कुणीतरी खिशातल्या फोनमध्ये आणून ठेवली होती. नाथाजीरावांनी त्याच बैठकीत निर्णय घेतला: बंद ॲप सोडायचं आणि उघड्यात जायचं.

सोडायचं तेही रीतसर. भावकीच्या ग्रुपवर त्यांनी एक निवेदन टाकलं. त्यात ॲप, आक्का, झोनबंदी, सगळं खुलासेवार होतं, आणि नव्या ठिकाणी सर्वांनी यावं असं आग्रहाचं निमंत्रणही होतं. पण मसुदा हेडक्लार्कचा. त्याची सुरुवात अशी होती: 'प्रति, समस्त साळुंखे भावकी, मु. जांभेवाडी. विषय: ग्रुप सोडणेबाबत. संदर्भ: माझ्यावर झालेला अन्याय.' ॲपनं एवढंच दाखवलं आणि बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागं झाकून टाकलं. आता भावकीत आणखी वाचणारा माणूस कुठून आणायचा? सगळ्यांनी अन्यायापर्यंत वाचलं. त्याखाली लगेच ओळ उमटली: नाथाजी साळुंखे लेफ्ट. त्यानंतर नाथाजीरावांनी खातं मिटवलं, ॲप पुसलं आणि समाधानानं दुसरा चहा मागितला.

उघड्या ॲपात संयोगितानं त्यांना बसवून दिलं. जागा प्रशस्त होती. फक्त माणूस नव्हतं. नाथाजीरावांनी पत्नीला, विजयमालाबाईंना, आत घेतलं. त्या त्याच सोफ्यावर बसून 'चहा गार होतोय' असा मेसेज पाठवायच्या आणि तो पोचला का हे तोंडानं विचारायच्या. शेजारचे नानासो, बँकेतून निवृत्त झालेले आणि सल्ल्याला कधीही तयार, हौसेनं आले, दोन दिवस राहिले आणि निघाले.

"नाथाजीराव, तत्त्व सोन्यासारखं हाय तुमचं. पर तिथं कोण न्हाई की वं."

"तुम्ही गेलात म्हणून कोणी नाही."

"मी गेलो ते कोण न्हाई म्हणून. माझं ऐका, तत्त्व ठेवा आन ॲप जुनंच वापरा. समदं जग तसंच करतंया."

सोसायटीच्या पाण्याच्या वेळा जुन्या ॲपवर येत, हे नाथाजीरावांना अंगाला साबण लावल्यावर आठवलं. नानासोंनी बादली दिली. बादलीबरोबर सल्लाही दिला. टॉवेल गुंडाळून जिन्यात उभ्या असलेल्या माणसाला सल्ला नाकारता येत नाही.

आणि शनिवारी सकाळी फ्लॅटखाली एक जीप येऊन थांबली. जीपमधून गंभीर चेहऱ्यानं भावकी उतरली. पुढं थोरले चुलतभाऊ हिंदुराव, फौजेतून सुभेदार होऊन आलेले आणि ग्रुपचे अ‍ॅडमिन. मागं धाकटे चुलतभाऊ कृष्णात. त्यांच्या मागं पुतण्या जयराज, देवस्थानच्या कमिटीचा सेक्रेटरी, हातात भगवा फेटा, नारळ आणि नव्या तांदळाचं पोतं घेऊन.

विजयमालाबाईंच्या हातातली गाळणी खाली आली. "आबा, असं अचानक? कोण गेलं?"

"नाथाजी गेला," हिंदुराव बसत म्हणाले. "ग्रुपातनं."

इथं एक रीत सांगायला हवी. साळुंख्यांच्या भावकीत रुसलेल्या माणसाला मोकळ्या हातानं परत आणत नाहीत. त्याच्या घरी जायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा आणि त्याची एक अट मानायची. एकच, पण ती मोडता येत नाही. एका चुलत्यानं ह्याच रीतीवर शेजाऱ्याचा म्हशींचा गोठा घरापासून हलवून घेतला होता आणि त्या घरच्या म्हशी अजून दूध चोरतात असं सांगतात. एवढी जय्यत तयारी करून आलेल्या माणसांना नाथाजीराव काय सांगत होते, तर मी रुसलोच नाही.

"ॲपसाठनं कुणी भावकी सोडतं व्हय?" हिंदुराव म्हणाले.

चहा झाल्यावर कृष्णात नाथाजीरावांना बाल्कनीत घेऊन गेले. कुंडीकडं बघत म्हणाले, "दादा, तुला कळलं व्हय? मी न्हाई म्हणत न्हाई. बांध मीच कोरला. पर नांगराची दोनच तासं घेतली रं. तेवढ्यासाठनं जगापुढं अन्याय म्हणून लिवायचं?"

गावाकडच्या त्यांच्या तुकड्याचा बांध कुणी कोरलाय, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ते सावरतात तोवर जयराजनं त्यांना बेसिनपाशी गाठलं. "काका, देवळाच्या देणगीदारांच्या फळीवर तुमचं नाव खाली गेलं ती माझी चूक. पेंटर म्हणाला वरती जागा न्हाई. पुढच्या रंगाला वरती घेतो." फळीवर आपलं नाव आहे एवढंच नाथाजीरावांना माहीत होतं, आणि त्या आनंदात त्यांची वर्षं बरी चालली होती. शेवटी हिंदुरावांनी फौजी शिस्तीत सगळ्यांसमोर सांगितलं, की मागच्या यात्रेला सांगलीला पोचवायला दिलेला मटणाचा डबा कऱ्हाडच्या पुढं आलाच नाही, तो त्यांनी स्वतः खाल्ला.

भावकी आली तेव्हा नाथाजीरावांवर एकही अन्याय झालेला नव्हता. समजूत काढून होईतो तीन झाले होते.

ते खरोखरच रुसायच्या बेतात आले, तेवढ्यात हिंदुराव हळू आवाजात म्हणाले, "आमचं राहू दे. आक्का जेवंना झालीया."

"का?"

"ती म्हणती, नाथा माझ्यावर रुसला. रविवारी ती फोनात बोलली हुती तुला, येतो येतो म्हणतोस, यायचं नसंल तर ऱ्हा तिकडंच. आन दुसऱ्या दिवशी तू गेलास निघून. तवापासनं रोज देवळावर जाऊन तुला काय काय बोलती. एकच खूण येती, दुसरी येत न्हाई. मी म्हटलं माझ्या फोनवरनं लाव त्याला. तर म्हणाली, रुसलेल्याला फोन करून का बोलवत्यात?"

रविवारचं ते बोलणं नाथाजीरावांनी ऐकलंच नव्हतं. ते त्या जुन्या फोनबरोबर दुकानात गेलं होतं. आणि त्यानंतर आक्का रोज पायऱ्या चढून अशा दारावर ठोठावत होती, जे त्यांनी स्वतः तत्त्वासाठी बंद केलं होतं. ते उठले आणि म्हणाले, "जीप फिरवा."

बरोबर संयोगिताही निघाली, कारण ह्यापुढं बाबांनी एकट्यानं कुठं काही लिहायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

जांभेवाडीला पोचले तेव्हा आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "आलास व्हय. मला वाटलं, मी मेले तुझ्या फोनात."

नाथाजीराव तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. नवा फोन, जुना फोन, अर्ज, उपयुक्त माहिती. आक्का ऐकत होती. मग सुपातला हात थांबवून तिनं विचारलं, "म्हंजी माझं बोलणं तू साठवून ठेवत हुतास?"

"सगळं."

"कशापायी रं? मी हाय की हितं."

नाथाजीरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. आक्कानं सूप बाजूला सारलं. "जुनं गेलं तर जाऊ दे. बातम्यांना काय तोटा हाय? म्हशी अजून वित्यात." मग ती जेवली, आणि भावालाही तिनं पोट फुटेस्तोवर जेवू घातलं.

संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर, म्हणजे रेंजमध्ये, भावकी बसली. नाथाजीरावांच्या डोक्यावर फेटा चढला, नारळ हातात आला. 'मी रुसलो नाही' हे त्यांनी एकदा शेवटचं सांगून बघितलं. सगळ्यांनी आदरानं ऐकलं आणि हिंदुराव म्हणाले, "बरं. आता अट सांग."

कृष्णात पायरीच्या टोकाला सरकले. फळी, मटण आणि दोन तासं बांध, तिन्ही समोर मांडल्यासारखी होती. बांधाचा विचार नाथाजीरावांच्या मनात आला नाही असं कोण म्हणेल? चांगला दोनदा आला. मग त्यांनी पायरीवर बसलेल्या आक्काकडं पाहिलं.

"मला बांध नको," ते म्हणाले. कृष्णातांनी देवळाकडं बघून हात जोडले. "आबा, झोनबंदी आठवते?"

आठवत नाही असा एकही म्हातारा तिथं नव्हता. सगळ्यांच्या जिभा एकदम सुटल्या. कुणाचा ऊस वाळला, कुणाचा काट्यावर मारला गेला. नाथाजीरावांनी त्यांना बोलू दिलं आणि मग सांगितलं, की आपण बोलतो ते पीकही आपलंच आहे आणि ते एकाच कारखान्याला घालून बसलोय. "मी एकटाच उठून गेलो, ती माझी चूक झाली. एकट्यानं जाऊन होत नाही. माझी अट एवढीच, की सगळ्यांनी मिळून उघड्यात यायचं."

मग हिंदुरावांनी नेमकं विचारलं, "आन उद्या ते बी बिघडलं तर?"

"तर उचलायचं आणि दुसऱ्या घरी जायचं, आबा," संयोगिता म्हणाली. "घर बदललं तरी भांडी तुमचीच राहतात."

"फॉरवर्ड तिकडं बी येत्यात का?" मागून कुणीतरी काळजीनं विचारलं. येतात, म्हटल्यावर विरोध पुष्कळ मावळला.

हिंदुराव उभे राहिले. "रीत ती रीत. यात्रेची पट्टी, पालखीची पाळी आन मटणाचा दिवस, हे आजपासनं नव्या ग्रुपावर कळंल. जुन्यावर कळणार न्हाई. मग ज्याला जेवायचं त्यानं यावं." एवढ्या एका वाक्यात ते झालं, जे नाथाजीरावांच्या निवेदनानं झालं नव्हतं. पायऱ्यांवर फोन निघाले. जयराजचा फोन लहान, त्यात ते ॲप मावेना. संयोगितानं त्याला दुसरंच हलकं ॲप दिलं, आणि तरी त्याचा 'राम राम काका' नाथाजीरावांच्या फोनमध्ये येऊन पडला. दोन ॲपं, एक बोलणं. कृष्णातांनी तो चमत्कार स्वतः दोनदा करून बघितला. एकट्यानं ग्रुप सोडला तर त्याला रुसवा म्हणतात आणि सगळ्या भावकीनं सोडला तर ठराव, एवढाच काय तो फरक.

नाथाजीराव चार दिवस राहून सांगलीला परतले. सोसायटीच्या पाण्यासाठी त्यांनी जुनं ॲप पुन्हा घेतलं, हे इथं लपवायचं कारण नाही. तत्त्व तत्त्वाच्या जागी आणि आंघोळ आंघोळीच्या जागी. पण नानासोंनी एकदा त्यांच्या फोनमध्ये डोकावून यात्रेच्या जेवणाचं आमंत्रण वाचलं आणि संध्याकाळी ते स्वतःहून उघड्यात आले. आता पाण्याच्या वेळा तिथं आणायचं त्यांच्या मनात आहे. सल्ला द्यायला त्यांना तिथं जागाही भरपूर आहे.

गावाहून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाल्कनीत चहाबरोबर फोन वाजला होता. आक्का सकाळीच देवळाच्या पायऱ्या चढली होती; तिचं बातमीपत्र होतं. "नाथा, ह्या नव्या ॲपात बी रेंज देवळावरच येतीया, काय बदललं कळंना. तू गेलास आन कृष्णाताची म्हैस याली. रेडी झाली. त्यानं बांध परत सरळ केलाय, मी उभी ऱ्हाऊन करून घेतला. तू अट घातली न्हाईस, मी घातली. आन आता कवा येणार हायस?"

नाथाजीरावांनी ते पुन्हा ऐकलं. मग संयोगितानं शिकवलं होतं तसं ते ॲपमधून बाहेर काढून ठेवलं, आपल्या जागेत, जिथून ते कुठल्याही फोनमध्ये नेता येईल. नाव काय द्यायचं, असं फोननं विचारलं. त्यांनी चष्मा नीट केला आणि टाईप केलं: आवक क्रमांक १.

खाली त्यांनी रीतीप्रमाणे केलेली कार्यवाही लिहिली: येत्या शनिवारी.